ओढली नाही तर विझणारी सिगारेट

गोव्यातल्या मांद्रे परिसरात पर्यटकांना चार खोल्या भाड्याने देणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: "आमच्याकडे उतरलेला कॅनडाचा पाहुणा म्हणाला की, त्यांच्याकडे सिगारेट हातात धरून नुसती ठेवली तर ती आपोआप विझते, आणि तसा कायदाच आहे. हे खरे का? आपल्याकडे असा कायदा का नाही? आणि असल्या सिगारेटी ओढणाऱ्या पाहुण्यांना खोलीत ओढू दिले तर चालेल का?"

ताई, पाहुणा खरे बोलला. आपल्याकडे असा कायदा नाही आणि तो असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीत मात्र कुठलीच सिगारेट ओढू देऊ नका, कॅनडाचीही नाही. एवढे आधी सांगून टाकतो, कारण पुढचे वाचायला तुम्हाला सीझनमध्ये वेळ मिळेल न मिळेल. मी अग्निशमन सेवेत ३२ वर्षे काढली, शेवटची काही स्टेशन ऑफिसर म्हणून. या विषयावर कुणी विचारले की मला एक खोली आठवते.

बार्देशच्या किनाऱ्यालगतचे गाव, पहाटेचे साडेचार. घरच्या बाई पाणी भरायला उठल्या तर त्यांना जळक्या कापसाचा वास आला. आम्ही बंब घेऊन पोहोचलो तेव्हा ज्वाळा एकही नव्हती. धूर मात्र इतका खाली उतरला होता की उभे राहिले तर स्वतःचा हात दिसेना, गुडघ्यावर बसले की फरशी दिसे. खाटेवर एक तरुण पर्यटक बेशुद्ध पडला होता. त्याला बाहेर काढले, तो वाचला. गादीवर पाणी मारून ती निवल्यावर मी चादर बाजूला केली. चादरीला रुपयाच्या नाण्याएवढे भोक होते, कडा तपकिरी. त्या भोकातून हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. वरून गादी धड दिसत होती आणि आतून घुशीने बीळ करावे तशी पोखरली होती. तो मध्यरात्रीनंतर कधीतरी झोपला होता. म्हणजे एका थोटकाने तीनेक तास आपले काम चालू ठेवले होते.

झोपताना सिगारेट ओढू नये, हे त्या मुलाला माहीत नव्हते असे नाही. आईबापही सांगतात. पण तो दमलेला होता, थोडी घेतलेली होती, आणि डोळा लागला. आम्ही शाळाशाळांतून, पंचायतींतून जनजागृतीची इतकी भाषणे केली, ती सगळी जाग्या माणसांसाठी होती. झोपलेल्याच्या बोटांतून पडलेल्या सिगारेटीपुढे भाषण काय करणार? परदेशातल्या या कायद्याने नेमकी हीच गोष्ट ओळखली आणि माणसाला सुधारायचे सोडून सिगारेटीलाच हात घातला. म्हणून मला तो कायदा इतका मोलाचा वाटतो.

आता सिगारेट अशी जळत का राहते ते पाहू. आमचे आजोबा विडी ओढायचे. बोलता बोलता विडी विझायची, मग काडी पेटवायची, पुन्हा दोन झुरके, पुन्हा विझली. काजूच्या बागायतीत काम करणारे गडी विझलेली अर्धी विडी कानावर ठेवून कामाला लागायचे. तेंदूचे पान जाड असते, त्यातून हवा सहज आत शिरत नाही, त्यामुळे झुरके चालू ठेवले नाहीत तर विडी मरते. सिगारेटचे तसे नाही. तिचा कागद पातळ आणि सच्छिद्र, आणि तो एकसारखा जळत राहावा म्हणून त्यात सायट्रेटसारखे क्षार मिसळलेले असतात. पेटवून बशीत ठेवून द्या, शेवटच्या टोकापर्यंत ती आपली आपण जळत जाईल. अशा नुसत्या धुमसणाऱ्या टोकाचे तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअस असते, झुरका ओढताना ते ९०० च्या आसपास जाते. सिगारेट सोयीची व्हावी म्हणून तिला हा गुण दिला गेला आणि गादीवर तोच गुण घातक ठरतो. (यावरून विडी निर्धोक असा अर्थ कुणी काढू नये. ती पुन्हा पुन्हा पेटवावी लागते, म्हणजे काड्याही तितक्याच फेकल्या जातात, आणि तिचा निखारा गळून पडतो.)

कायद्याने केलेला बदल ऐकायला अगदी साधा आहे. सिगारेटच्या कागदावर दोन-तीन ठिकाणी आडवे पट्टे देतात. तेवढ्या जागी कागदाची छिद्रे अल्जिनेट किंवा स्टार्चसारख्या पदार्थाने बुजवलेली असतात, म्हणून तिथून हवा कमी शिरते. ओढणारा झुरके घेत असेल तर आग तो पट्टा ओलांडून पुढे जाते, त्याला फारसे काही जाणवत नाही. सिगारेट पडून राहिली असेल तर निखारा पट्ट्यापाशी येतो, त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि तो विझतो. गावच्या रस्त्यावर गतिरोधक घालतात ना, तसे हे कागदावरचे गतिरोधक समजा.

माझ्या भाच्याने बोटीवरच्या नोकरीवरून येताना मागे एकदा अमेरिकेतले पाकीट आणले होते. पाकिटावर बारकोडजवळ "एफएससी" अशी तीन अक्षरे होती, तिकडे तीच या सिगारेटची खूण. एक सिगारेट काढून मी खिडकीच्या उजेडासमोर धरली. नीट पाहिले तर कागदावर फिकट पट्टे दिसत होते, बोटाला मात्र काही लागत नव्हते. मग कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्राकडून प्रयोगशाळेतला गाळण कागद आणला, दहा चकत्यांची चवड रचली, पंखा बंद केला आणि त्यावर ती सिगारेट आणि शेजारी आपल्याकडच्या गाड्यावरची एक अशा दोन्ही पेटवून आडव्या ठेवल्या. आपली सिगारेट फिल्टरपर्यंत जळली, खालच्या कागदाला लांबलचक काळी चर पडली. त्यांची दुसऱ्या पट्ट्याशी मंदावली, धुराची रेघ बारीक होत गेली आणि थांबली. चोवीस वर्षांची नोकरी झाली होती तेव्हा माझी, आणि मी त्या विझलेल्या सिगारेटकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

एका सिगारेटवरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. अधिकृत चाचणी अशीच पण शिस्तीची असते. वारा न लागणाऱ्या बंद पेटीत, गाळण कागदाच्या दहा थरांवर, एकूण ४० सिगारेटी ठेवायच्या. त्यांतल्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे दहापेक्षा जास्त, शेवटपर्यंत जळता कामा नयेत. ही मर्यादा नीट लक्षात घ्या, ताई. चारांतली एक सिगारेट शेवटपर्यंत जळली तरी तो ब्रँड कायद्यात बसतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

हा कायदा सहजासहजी आलेला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टवुड गावी सिगारेटमुळे लागलेल्या आगीत एक अख्खे कुटुंब गेले, आईवडील आणि पाच मुले. तिथले खासदार जो मोकली यांनी तेव्हापासून हा विषय धरला तो सोडला नाही. १९८४ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने अभ्यास करण्यापुरता कायदा झाला. १९८७ मध्ये सरकारी अभ्यासगटाने सांगितले की, गाद्या-सोफे पेटण्याची शक्यता कमी असलेली सिगारेट बनवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. शक्य आहे म्हटल्यावर पुढे काय व्हायला हवे होते? पण तंबाखू कंपन्यांचा सूर असा की, सिगारेटला कशाला हात लावता, सोफ्यालाच आगरोधक करा. गाद्यांच्या बाबतीत ते झालेही, आणि त्याचा काही फायदाही झाला. पण फोममध्ये आगरोधक म्हणून जी रसायने भरली गेली, त्यांतली कित्येक आरोग्याला अपायकारक आहेत हे नंतर कळले. कॅलिफोर्नियाने तर २०१३ मध्ये आपला फर्निचरचा नियम बदलला, म्हणजे अशी रसायने न घालताही चाचणी पार करता येईल. जिथून आग सुरू होते ती वस्तू तशीच ठेवून घरातले सगळे सामान बदलत बसायचे, हा उलटा न्याय झाला. मोकली २००१ मध्ये वारले. सिगारेट कशी असावी हे ठरवणारा राष्ट्रीय कायदा त्यांना पाहायला मिळाला नाही, आणि अमेरिकेत तो आजही नाही.

तिथे जे झाले ते राज्यांनी केले. न्यूयॉर्क राज्याने २००० मध्ये कायदा केला आणि २८ जून २००४ पासून तो लागू झाला. मग एकामागून एक राज्ये येत गेली, आणि २०११ पर्यंत पन्नासच्या पन्नास राज्यांत हा नियम होता. संपूर्ण देशाला लागू करणारा पहिला देश मात्र तुमच्या पाहुण्याचा कॅनडा, १ ऑक्टोबर २००५ पासून. ऑस्ट्रेलियाने मार्च २०१० मध्ये आणि युरोपीय संघाने १७ नोव्हेंबर २०११ पासून हेच केले.

याने फरक पडला का? पडला. न्यूयॉर्कचा नियम लागू झाल्यावर हार्वर्डच्या संशोधकांनी तिथल्या सिगारेटी आणि दुसऱ्या दोन राज्यांतल्या त्याच ब्रँडच्या सिगारेटी जाळून पाहिल्या. नियम नसलेल्या राज्यांतल्या ९९.८ टक्के शेवटपर्यंत जळल्या, न्यूयॉर्कच्या १० टक्के. विक्री बुडेल, लोक शेजारच्या राज्यातून आणतील, अशी जी भीती घातली जात होती तसे काही दिसले नाही. पण प्रयोगशाळेतल्या कागदापेक्षा मला घरांतल्या आगींचा आकडा महत्त्वाचा वाटतो. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ ते २०१० या वर्षांतल्या घरगुती आगींचा अभ्यास झाला, त्यात नव्या सिगारेटींमुळे सिगारेटच्या आगीची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संघटनेने २००३ ते २०११ या काळात धूम्रपानाच्या आगींतले मृत्यू साधारण ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे मोजले आणि त्याचे श्रेय बहुतांशी या नियमाला दिले. २०११ मध्ये तिथे अशा आगींत ५४० माणसे गेली. म्हणजे कायदा सगळीकडे लागू झाल्यावरही ५४० गेली. फरक मोठा आहे, पण आगी संपलेल्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नावाबद्दलही सांगायला हवे. सुरुवातीला तिकडे या सिगारेटींना "आगीपासून सुरक्षित" म्हणत. जाणकारांनी ते नाव सोडले आणि "पेटवण्याची शक्यता कमी असलेली" असे लांबलचक पण प्रामाणिक नाव घेतले. ते बरोबरच झाले. "सुरक्षित सिगारेट" हे शब्द ऐकल्यावर माणूस राखेची बशी शोधायचे सोडून देतो. शिवाय फुप्फुसांसाठी ती पूर्वीइतकीच वाईट आहे. न्यूयॉर्कच्या अभ्यासात धुरातले कार्बन मोनॉक्साइडसारखे काही घटक किंचित वाढलेलेही दिसले होते. मराठीत मी तिला "आपोआप विझणारी" म्हणतो, तेही "बहुतेक वेळा" हे शब्द जोडूनच.

गोव्यात पहिली शंका निघते डोंगरावरच्या आगींची. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर आगी लागल्या, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन वर फिरत होती, ते सगळ्या सत्तरी तालुक्याने पाहिले. तेव्हापासून कुठेही सडा (डोंगरावरचे कातळी माळरान) पेटला की "कुणीतरी सिगारेट टाकली असणार" हे वाक्य ठरलेले. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आपल्या दमट हवेत गवतावर पडलेले थोटूक बहुतेक वेळा नुसते विझून जाते. हवा खूप कोरडी हवी, गवत करकरीत वाळलेले हवे, त्यात थोटूक नेमके गवताला चिकटून पडायला हवे आणि वर वारा हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो त्या दिवसांत हे सगळे जुळून येते, आणि तेव्हा एक थोटूक पुरते. पण सड्यावरच्या ज्या आगींचे मूळ मला हाती लागले, त्यांत जळती काडी, बागायत साफ करताना लावलेला आणि मग आवरेनासा झालेला पालापाचोळा, रस्त्याकडेचा पेटवलेला कचरा हेच जास्त होते. पट्ट्यांच्या सिगारेटची चाचणी वारा नसलेल्या पेटीत होते. वाऱ्यावरच्या गवतात ती तशीच वागेल याची हमी कुणी देऊ नये. डोंगरासाठी हा कायदा मागणे म्हणजे चुकीच्या दुखण्यावर औषध मागणे होईल. तो मागायचा तो घरासाठी, खाटेसाठी, झोपलेल्या माणसासाठी.

आणि खाट म्हटली की गोवा लगेच यात येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखूचा वापर देशात सर्वांत कमी गोव्यात निघाला, प्रौढांमध्ये ९.७ टक्के. ऐकून बरे वाटते. पण ही आमची गोंयकारांची मोजणी, आणि तुमच्या खोलीत झोपणारा गोंयकार नसतो. तो रात्री उशिरा येतो, पिऊन येतो, खोली अनोळखी, दिव्याचे बटण कुठे हेही माहीत नाही. त्याच्या अंगाखाली कापसाची किंवा काथ्याची गादी. कापूस आणि काथ्या दोन्ही धुमसण्यात पटाईत. माडाची सोडणे (नारळावरची जाड साले) एकदा आतून पेटली की दिवसभर धूर काढत राहतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरी सांगावे लागत नाही. काथ्या त्याच सोडणाचा. अशा धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाला उठवत नाही, उलट आणखी गाढ झोपवतो. वर फोमचा थर असेल आणि शेवटी ज्वाळा धरली, तर खोली काही मिनिटांत जाते.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये २५ माणसे गेली. ती आग सिगारेटची नव्हती. पण त्यानंतर गोव्यात बाहेर पडण्याच्या वाटा, परवाने, आग विझवण्याची नळकांडी यांची जी चौकशी सुरू झाली, ती व्हायलाच हवी होती, फार आधी व्हायला हवी होती. माझे म्हणणे एवढेच की, चार खोल्यांच्या घरातले एक थोटूक त्या चौकशीच्या जाळ्यात कधीच सापडत नाही. तिथे एकच माणूस जातो, बातमी दोन ओळींची येते, आणि कारण म्हणून "शॉर्टसर्किटचा संशय" लिहिले जाते. हे मी स्वतःही लिहिले आहे, ताई. गादी पूर्ण जळून गेल्यावर थोटूक सापडत नाही, भिंतीवर वायर मात्र नेहमीच असते. कारण नीट नोंदलेच नाही तर कायदा मागायला आधार कुठून आणायचा? आज सेवेत असलेल्या मुलांना मी हेच सांगतो: खाटेचा कोणता भाग आधी जळला, गादी वरून जळली की आतून, मृत माणूस ओढणारा होता का, हे विचारा आणि लिहा.

तर आपल्याकडे कायदा का नाही? २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, जाहिरातीला बंदी आहे, पाकिटावर इशारा आहे. सगळा विचार आरोग्याच्या बाजूने झाला, आणि तो योग्यच आहे. सिगारेट ही पेटती वस्तूही आहे, हा विचार त्यात आला नाही. त्याच कायद्याने तंबाखू उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेतला आहे, म्हणून सिगारेटचा कागद कसा असावा हे दिल्लीनेच ठरवायला हवे. न्यूयॉर्कसारखे राज्याने एकट्याने करणे आपल्याकडे कठीण. पण मागणी करायला कुणी अडवलेले नाही. गोव्याने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकणे यांवर स्वतःचा कायदा केला होता, केंद्राच्या सहा वर्षे आधी. तीच विधानसभा एकमुखाने ठराव करून केंद्राला पाठवू शकते.

यात आपल्याकडच्या दोन अडचणी मला दिसतात. देशात सिगारेटपेक्षा विडी जास्त ओढली जाते, त्याच सर्वेक्षणात प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी आणि ४ टक्के सिगारेट. काही जण म्हणतील, मग एवढा खटाटोप कशाला. पण खोल्यांमधून, हॉटेलांतून, शहरी घरांच्या गाद्यांवर पडते ती सिगारेट. दुसरी अडचण सुट्या विक्रीची. गाड्यावर एकेक सिगारेट विकली जाते, पाकीट ग्राहकाच्या हाती येतच नाही, मग खूण कुठे पाहणार? म्हणून नियम असेल तर तो कारखान्याच्या दारावर लागू व्हायला हवा, नमुने तिथेच तपासले जावेत. गाड्यावाल्यावर दंड ठोकून हे होणारे नाही. तंत्र नवे नाही, वीस वर्षे जगभर चालू आहे, हे मात्र कुणी विसरू नये.

आता तुमच्या खोल्या. खोलीत ओढायला बंदी, हे येताना तोंडी सांगा आणि दारामागे लिहून लावा. नुसती बंदी घालून थांबू नका. ओढणारा माणूस ओढणारच, त्याला जागा दिली नाही तर तो खिडकीत बसून, चोरून, घाईघाईत ओढेल आणि थोटूक कुठेतरी कोंबेल, ते जास्त वाईट. बाहेर अंगणात किंवा बल्कावावर (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) एक जागा ठरवून द्या, तिथे दिवा असू द्या. तिथे मातीचे जड, पसरट भांडे ठेवा, अर्धे ओल्या रेतीने भरलेले. आपल्याकडे होमस्टेंमध्ये करवंटीच्या कोरीव राखपात्रांची फार हौस आहे. दिसायला सुंदर, पण करवंटी हे उत्तम जळण आहे, भट्टीत आपण दुसरे काय घालतो? ती शोभेला भिंतीवर लावा. राखेचे भांडे रात्री कचऱ्याच्या प्लास्टिक बादलीत उलटे करू नका, पाणी ओतून सकाळी रिकामे करा.

बल्कावाला किंवा बाहेरच्या बैठकीला लाकडी फळ्या असतील, तर फळ्यांखाली एकदा विजेरी घेऊन वाका. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर ११ मे १९८५ रोजी ५६ माणसे गेली, ती अशाच फटीमुळे. लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षांचा कचरा साचला होता, वरून फटीतून एक जळती काडी किंवा थोटूक त्यावर पडले. शॅकवाल्यांनीही हे करावे. झावळ्यांच्या छपराची काळजी सगळे घेतात, पायाखालच्या फळीकडे कुणी पाहत नाही.

प्रत्येक खोलीत छताला बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म बसवा. तो महाग नाही, आणि वर सांगितलेल्या मुलाच्या खोलीत तो असता तर घरच्या बाईंच्या नाकावर अवलंबून राहावे लागले नसते. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा. पाहुण्याने मच्छर अगरबत्ती मागितली तर पत्र्याच्या स्टँडसकट द्या आणि चादरीपासून लांब, फरशीवर ठेवायला सांगा. तीही रात्रभर धुमसणारीच वस्तू.

एवढे करूनही कधी गादीतून धूर दिसला, तर आधी माणूस बाहेर काढा, दार मागे ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. खोलीत धूर भरला असेल तर पुन्हा आत जाऊ नका. धूर नुकताच निघू लागला असेल आणि दार मोकळे असेल, तरच पाणी मारा. चादरीवरून मारू नका, भोकातून आत मारा, भरपूर मारा. लहान भोक पाहून एक तांब्या ओतून थांबू नका. मग गादी फाडून आतला कापूस उघडा करायचा आणि ती घराबाहेर, भिंतीपासून आणि गवतापासून लांब नेऊन टाकायची. ती दुमडून जिन्यातून नेऊ नका. दुमडताना आत हवा जाते आणि गादी जिन्यातच ज्वाळा धरते.

त्या बार्देशच्या घरी आम्ही गादी पाण्याने चिंब भिजवून विहिरीच्या कठड्याशी टाकली आणि परत आलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा फोन, त्याच घरचा. बारा-तेरा तासांनी गादीने पुन्हा पेट घेतला होता. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या एकाही मुलाला मी गादी फाडल्याशिवाय परत येऊ दिले नाही. तुम्हीही बाहेर टाकलेल्या गादीवर दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा, आणि दर तासा-दोन तासांनी हाताची पालथी बाजू कापसाजवळ नेऊन ऊब लागते का ते पाहा.